शंभरातली उरलेली पन्नास घरं

हल्ली मी मोजमाप काढायच्या आधी घरमालक फोन काढतात. "ताई, हे बघा, नेटवर आपल्या घराची एवढी किंमत दाखवतोय." आकडा अगदी शेवटच्या अंकापर्यंत पक्का, शेवटी एकही शून्य नाही. मी घरांचं मूल्यांकन करते, म्हणजे लोकांच्या भाषेत व्हॅल्युअर. माझ्या अहवालातला आकडा नेहमी गोल असतो, आणि गंमत अशी की लोकांना माझाच आकडा अंदाजपंचे वाटतो.

या ऑनलाइन आकड्यांना शिव्या घालायला मी बसलेले नाही. आमच्या व्यवसायातली बरीच मंडळी ते काम मन लावून करतात, आणि त्यात पोटदुखीचा वाटा मोठा असतो. मी स्वतः हे आकडे रोज बघते. माझी कुरकुर वेगळीच आहे. आपला अंदाज किती चुकतो हे यातल्या मोठ्या साइट स्वतःच छापतात, बारीक अक्षरात का होईना. पण ते वाक्य वाचणारा माणूस क्वचित भेटतो, आणि वाचलेलं असलं तरी त्याचा अर्थ भलताच लावलेला असतो.

हा प्रकार घराघरात पोचवला तो अमेरिकेतल्या झिलो या कंपनीने. रिच बार्टन आणि लॉइड फ्रिंक या दोघांनी २००६ मध्ये ही साइट लोकांसाठी खुली केली आणि कोट्यवधी घरांच्या डोक्यावर 'झेस्टिमेट' नावाचा आकडा चिकटवून दिला. संगणकाने घराची किंमत काढायची पद्धत त्याआधीही होती, पण ती कर्ज देणाऱ्यांच्या कचेऱ्यांत. शेजाऱ्याच्या घराची किंमत रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बघायची सोय मात्र नवी होती. लोक तुटून पडले, यात नवल नाही.

आतली यंत्रणा काही गूढ नाही. घर म्हणजे गुणांचं गाठोडं: क्षेत्रफळ, खोल्या, वय, मजला, ठिकाण. यातल्या एकेका गुणाची किंमत बाजारात कुठे टांगलेली नसते, पण हजारो सौदे शेजारी शेजारी मांडले की ती हिशोबातून बाहेर काढता येते. शर्विन रोझेन या अर्थतज्ज्ञाने १९७४ साली याची पद्धतशीर मांडणी केली. आज त्या साध्या समीकरणांच्या जागी मशीन लर्निंगची, म्हणजे जुन्या नोंदींवरून आपणच शिकणारी, अवजड यंत्रं आली आहेत, झिलो तर २०१९ पासून घराचे फोटोसुद्धा संगणकाला वाचायला देते. कच्चा माल मात्र जवळपास तोच: झालेले सौदे, कराच्या नोंदी, विक्रीच्या जाहिराती.

आणि तो सगळीकडे सारखा मिळत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९५ पासूनचे विक्रीचे आकडे सरकारी लँड रजिस्ट्री उघड करते, कोणीही उतरवून घ्यावेत. उलट अमेरिकेत हे राज्याराज्यांवर असतं, आणि टेक्सास राज्यात घर कितीला विकलं ते सरकारला कळवायची सक्ती नाही. म्हणजे एकाच देशात, एकाच साइटवर, एकाच टायपात छापलेले दोन आकडे, आणि त्यातला एक भरपूर सौद्यांवर उभा, तर दुसरा बराचसा जाहिराती आणि तर्कावर. पानावर दोन्ही सारखेच दिसतात.

आता त्या बारीक अक्षरातल्या वाक्याकडे वळते. झिलो सांगते की विक्रीला न काढलेल्या घरांसाठी तिची मीडियन एरर ७ टक्क्यांच्या आसपास आहे. हे वाचून लोक म्हणतात, "म्हणजे माझ्या घराचा आकडा फार तर ७ टक्क्यांनी इकडेतिकडे." नाही हो. मीडियन म्हणजे रांगेतला मधला. शंभर घरं घ्या, प्रत्येकाचा अंदाज विक्रीच्या किमतीपासून किती टक्के चुकला ते लिहा, लहान चुकीपासून मोठ्या चुकीपर्यंत रांग लावा. रांगेच्या मध्यावर जो आकडा येतो तो हा ७. म्हणजे पन्नास घरांचा अंदाज ७ टक्क्यांच्या आत आहे, आणि उरलेल्या पन्नास घरांचा ७ टक्क्यांच्या बाहेर. किती बाहेर? ते मीडियन सांगतच नाही. आठ टक्के असेल, तीसही असेल. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या घराची चूक दुप्पट झाली तरी मधला आकडा जागचा हलत नाही.

शिवाय चूक दोन्ही बाजूंना होते. विकल्या गेलेल्या किमतीला १०० धरलं तर ७ टक्क्यांच्या आतला अंदाज ९३ असू शकतो किंवा १०७. पंधरवड्यापूर्वी एका बाईंनी मला अशाच दोन साइटचे दोन आकडे दाखवून "यातला खोटा कोणता?" असं विचारलं. दोन्ही आपापल्या हद्दीत होते. त्यांच्या शब्दाप्रमाणे दोघंही बरोबर.

"सात टक्के म्हणजे फार नाही," असंही ऐकू येतं. हे ज्याचं घर पूर्ण फेडून झालंय त्याने म्हणावं. समजा घर १०० चं आहे आणि त्यावर ८० कर्ज आहे. तुमचे स्वतःचे त्यात २०. घराच्या किमतीतली ७ ची चूक कर्जाला हात लावत नाही, कर्ज ८० च राहतं. ती सगळी तुमच्या २० मध्ये घुसते. म्हणजे तुमच्या मालकीच्या हिश्श्याचा अंदाज ३५ टक्क्यांनी चुकला. नवं घर घेण्यासाठी जुनं विकून हातात किती उरेल याचा हिशोब लोक त्या वेबसाइटच्या आकड्यावरून करतात, तेव्हा ते नेमकं या ३५ टक्क्यांवर उभे असतात.

विक्रीला काढलेल्या घरांसाठी झिलो सांगते ती चूक पुष्कळच लहान आहे, २ टक्क्यांच्या आसपास. सात कुठे आणि दोन कुठे! जाहिरात लागताच संगणकाला एकाएकी अक्कल कुठून येते? घर तेच, भिंती त्याच. त्याला मिळालेली नवी गोष्ट म्हणजे मालकाने मागितलेली किंमत. ती दिसली की अंदाज तिच्या दिशेने सरकतो. आणि घर बहुधा मागितलेल्या किमतीच्या जवळपासच विकलं जातं, त्यामुळे परीक्षेत मार्क छान पडतात. यात फसवाफसवी अजिबात नाही. मागणीची किंमत ही खरोखरच मोलाची माहिती आहे, एजंटने आणि मालकाने घर बघून ठरवलेली. पण मग त्या २ टक्क्यांचं श्रेय कोणाचं ते ध्यानात ठेवावं. घर विकायचा विचार तुम्ही अजून मनातच घोळवत असाल तर तुमच्यासाठी ७ चा गट आहे. दोनचा नव्हे.

खात्री करून घ्यायची असेल तर सोपं आहे. आवडलेल्या वस्तीतली चार-पाच घरं विक्रीला यायच्या आधीपासून पाहत राहा आणि आकडे कुठेतरी लिहून ठेवा. जाहिरात लागल्यावर उडी कुठल्या बाजूला आणि केवढी पडते ते बघा. जिथे ही उडी साइट दाखवते तिथे माझ्या मते त्या वस्तीसाठी यंत्र किती भरवशाचं आहे हे कळायला दुसरं काही लागत नाही.

चूक किती मोठी होऊ शकते याचं गाजलेलं उदाहरण खुद्द झिलोच्या घरातलंच आहे. स्पेन्सर रॅस्कॉफ कंपनीचे सीईओ होते. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर त्यांनी सिअ‍ॅटलमधलं आपलं घर साडेदहा लाख डॉलरला विकलं. दुसऱ्या दिवशी त्याच घराचा झेस्टिमेट होता साडेसतरा लाखांच्या आसपास. बातम्यांत आलं, "अंदाजापेक्षा ४० टक्के कमी." ते खरं आहे. पण विक्रीची किंमत पाया धरली तर अंदाज ६७ टक्के जास्त ठरतो, आणि अचूकता मोजताना पाया विक्रीचाच धरतात. टक्केवारी ऐकली की "कशाच्या?" हे विचारायची सवय लावून घ्यावी, निदान घराच्या बाबतीत.

यंत्राला काय दिसत नाही, हे मला रोजच दिसतं. एकाच इमारतीत, एकाच आराखड्याची, एकावर एक अशी दोन घरं. क्षेत्रफळ तेच, वय तेच, खोल्या त्याच. संगणक दोघांना जवळजवळ एकच किंमत देणार, दुसरं तो काय करेल? खालच्या घरात मी शिरते. झोपायच्या खोलीच्या तीन भिंती जुन्या, मळकट. चौथीला ताजा रंग. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की माझा हात आपसूक तिथे जातो. तळवा ठेवला की गारवा कळतो. मग बोटाच्या पेरांनी ठोकायचं: घट्ट गिलावा वाजतो एका आवाजात, सुटलेला पोकळ. त्यानंतर ओल मोजणारा मॉइश्चर मीटर लावायचा, तो फक्त कागदावर लिहिण्यासाठी. वरच्या घरातल्या न्हाणीघराची मोरी कुठे आहे ते आराखड्यात बघितलं की उरलेली गोष्ट समजते. दुरुस्ती वरच्याच्या घरात, त्रास खालच्याच्या घरात, आणि दोघांचं बोलणं बंद. याची किंमत कुठल्या नोंदीत लिहिलेली असते?

खिडकी उघडून मी मुद्दाम थोडी उभी राहते. समोरच्या इमारतीची भिंत हाताच्या अंतरावर असली तर आराखड्यातली ती "मोठी खिडकी" नुसती कागदावरच मोठी. वीजजोडणीची पेटी उघडते, सर्वात वरच्या मजल्यावर असले तर नळ सोडून बघते, छताच्या कोपऱ्यात मान वर करून बघते. फोटोंतून हे दिसेल असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की फोटो विकणाऱ्याने काढलेले असतात, आणि ओल आलेला कोपरा कोणीही कौतुकाने टिपत नाही.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ओल आणि गळतीपेक्षा मोठा गोंधळ नुसत्या नोंदींत असतो. तो अगदीच रटाळ असतो म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. नोंदीत तीन खोल्या, प्रत्यक्षात मधली भिंत पाडून दोन केलेल्या. मागे वाढवलेला भाग कराच्या कागदावर आलाच नाही. क्षेत्रफळ एकाने भिंतींच्या आतलं लिहिलं, दुसऱ्याने भिंती धरून, तिसऱ्याने जिन्याचा वाटाही त्यात घातला, आणि तिन्ही आकडे एकाच रकान्यात जाऊन बसले. क्षेत्रफळ १० टक्क्यांनी चुकलं की पुढचं कितीही हुशार गणित ती चूक इमानदारीने किमतीपर्यंत पोचवतं.

तुलनेचे सौदेही निवडून घ्यावे लागतात. बापाने लेकीच्या नावावर नाममात्र रकमेला केलेली विक्री, भावाभावांतली देवघेव, कर्ज थकल्यामुळे लिलावात गेलेलं घर. कागदावर हे सगळे सौदेच. चांगली यंत्रणा यातले बरेच चाळून बाजूला काढते, पण चाळणीची भोकं कुठेतरी ठरवावीच लागतात. अशी दोन-तीन विक्रीपत्रं एका छोट्या गल्लीत जमली आणि बाकी सौदे थोडे असले की सगळ्या गल्लीचा अंदाज खाली बसतो.

माझा मावसभाऊ मशीन लर्निंगमधला. मी हे सगळं रंगात येऊन सांगत होते तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ताई, तू तरी कुठे अचूक आहेस?"

बरोबर आहे त्याचं. एकाच घराला दोन व्हॅल्युअर पाठवले तर दोन आकडे येतात, आणि आमची मीडियन एरर आम्ही कोणीच छापत नाही. त्याहून वाईट म्हणजे आम्हीही मागितलेल्या किमतीकडे बघून सरकतो. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने भिंतीवर लावावा असा आहे. अमेरिकेतल्या टुसॉनमध्ये त्यांनी मुरलेल्या एजंटांना आणि विद्यार्थ्यांना खरंखुरं घर हिंडून बघायला दिलं, सोबत माहितीचं तेच बाड. बदललं फक्त एक: मागितलेली किंमत. कोणाला ती तज्ज्ञांनी काढलेल्या मूल्यापेक्षा सुमारे १२ टक्के वर, कोणाला तेवढीच खाली. विद्यार्थी त्या किमतीच्या मागे गेले, ते अपेक्षितच. पण एजंटही गेले. आणि विचारल्यावर बहुतेक एजंटांनी सांगितलं की किंमत ठरवताना आम्ही ती मागणी विचारात घेतलीच नाही. यंत्रही मागणीच्या किमतीकडे बघून सरकतं, माणूसही. यंत्राची नोंदवही निदान उघडून तपासता येते.

भावाने मग झिलोच्या स्पर्धेचं सांगितलं. २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की झेस्टिमेट जो सर्वात जास्त सुधारेल त्याला १० लाख डॉलर. जगभरातले हजारो संघ उतरले. २०१९ च्या सुरुवातीला बक्षीस मिळालं ते कॅनडा, अमेरिका आणि मोरोक्को अशा तीन देशांतल्या तिघांच्या संघाला. त्यांचं मॉडेल कंपनीने ठेवलेल्या कसोटीपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी सरस निघालं. पुन्हा विचारा, कशाच्या १३ टक्के? मुळातल्या चुकीच्या. चूक १०० धरली तर ती ८७ वर आली. जगातली एवढी डोकी, एवढा पैसा, जवळपास दोन वर्षं, आणि त्यातून एवढी सुधारणा. भावाला यात विजय दिसतो. मला त्यात हेही दिसतं की उरलेली चूक गणितातली नसून आत न गेलेल्या माहितीतली आहे.

तरी सरासरी घराच्या बाबतीत मी त्याच्याकडे झुकते. एकसारख्या घरांची मोठी वसाहत असेल, सौदे भरपूर आणि ताजे असतील, तर संगणक माझ्याइतकाच चांगला, कधी बराही. थकत नाही, मालकाच्या तोंडाकडे बघून भिडेला पडत नाही. जुनं एकांडं घर, विचित्र आकाराची जागा, नदीकाठचा एकुलता बंगला आला की मात्र त्याच्या पायाखालचे सौदेच संपतात.

आता या विषयातला मला सर्वात जास्त खिळवून ठेवणारा भाग. झिलोने २०१८ मध्ये स्वतःच घरं विकत घ्यायला सुरुवात केली: मालकाला झटपट रोख रक्कम द्यायची, थोडी डागडुजी करायची, विकायचं. २०२१ च्या फेब्रुवारीत तर काही शहरांतल्या काही घरांसाठी झेस्टिमेट हाच कंपनीचा सुरुवातीचा रोख देकार ठरवला गेला. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला कंपनीने हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. हातातल्या घरांचं मूल्य एका तिमाहीत ३० कोटी डॉलरहून जास्त खाली लिहावं लागलं, आणि सुमारे एक चतुर्थांश नोकऱ्या जाणार होत्या. किमती पुढे कुठे जातील याचा अंदाज आपण धरला होता त्याहून फारच अनिश्चित निघाला, असं कारण कंपनीच्या संस्थापकांपैकी बार्टन यांनी दिलं.

भविष्याचा अंदाज चुकला, हे झालंच. पण अशा धंद्यात आणखी एक सापळा असतो, आणि तो बाजार स्थिर असला तरी असतोच. समजा तुमचे अंदाज सरासरीला अगदी बरोबर आहेत: निम्मे थोडे जास्त, निम्मे थोडे कमी. तुम्ही शंभर मालकांना त्या भावाने देकार दिलात. हो कोण म्हणणार? ज्याच्या घराची किंमत तुम्ही जास्त लावली तो. ज्याच्या भिंतीत ओल आहे आणि तुम्हाला ती दिसलेली नाही तो. ज्याचं घर तुम्ही कमी लेखलंत तो हसून दार लावून घेणार. म्हणजे शंभर अंदाजांची सरासरी बिनचूक असूनही तुमच्या पदरात पडलेल्या घरांची सरासरी चुकलेलीच, आणि तीही तुमच्या तोट्याच्या बाजूला. निवड तुम्ही केलेलीच नसते. ती घर आतून ओळखणाऱ्याने केलेली असते.

हे मोठ्या कंपनीचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. फोनवर घरं शोधणारा प्रत्येक खरेदीदार हेच करतो, फक्त उलट्या बाजूने. साइटचा अंदाज १००, मालक मागतोय ९२. "आठ टक्के स्वस्त!" म्हणून लोक अशीच घरं गाळून यादी करतात. पण ९२ हा आकडा कोणी ठरवला? ज्याने त्या घरात पावसाळे काढलेत त्याने. १०० कोणी ठरवला? ज्याने घर पाहिलेलंच नाही त्याने. अंदाज आणि मागणी यांच्यात सर्वात मोठी तफावत असलेली घरं वर आणलीत की तुम्ही स्वस्त घरांची यादी करत नाही आहात. बऱ्याच अंशी ती यंत्राच्या सर्वात मोठ्या चुकांची यादी असते. एखाद्याला खरंच घाई असते, परगावी जायचं असतं, कुटुंबात काही झालेलं असतं. मिळतं कधी स्वस्त. पण आधी कारण शोधायचं, मग खूश व्हायचं.

मी स्वतः हे आकडे कसे वापरते? मधला आकडा मी जवळपास बघतच नाही. त्याच्या खाली किंवा बाजूला बऱ्याच साइट एक पट्टा देतात, किमान इतके, कमाल इतके. तो पट्टा अरुंद असेल तर जवळपास सारखे सौदे भरपूर आहेत. फैलावलेला असेल तर यंत्र स्वतःच हात वर करतंय. कर्ज देणाऱ्यांना मिळणाऱ्या संगणकी अहवालात प्रत्येक घराच्या आकड्यासोबत त्या आकड्याचा भरवसा किती याचाही एक आकडा असतो. फुकटच्या पानावर तो ठळकपणे छापला असता तर माझी निम्मी भांडणं मिटली असती. त्यानंतर ज्या सौद्यांवरून हा अंदाज आला असावा ते शोधते: गेल्या सहा महिन्यांतले, त्याच गल्लीतले, त्याच आकाराचे. चार मिळाले तर त्यांच्यावरून आकडा मी स्वतः जुळवते. एकही मिळाला नाही तर तेच माझं उत्तर.

दोन साइटचे आकडे जुळले म्हणून निर्धास्त होऊ नये. दोघींनी एकच चुकलेली नोंद वाचलेली असू शकते. आणि "या महिन्यात तुमचं घर २ टक्क्यांनी वाढलं" असा निरोप आला तर घरात काहीही घडलेलं नसतं. कधी शेजारी एक सौदा झालेला असतो, कधी कंपनीने आपलं मॉडेल बदललेलं असतं. नोंदीतली चूक मात्र दुरुस्त करून घ्यावी. खोल्या, क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष यांसारखे तपशील काही साइटवर मालकाला बदलता येतात. त्याने अंदाज हललाच तर निदान खऱ्या कारणाने हलेल.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. झेस्टिमेटमुळे आपलं घर विकलं जात नाही अशी तक्रार घेऊन अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले काही लोक न्यायालयात गेले होते. २०१९ मध्ये शिकागोच्या सातव्या सर्किट अपील न्यायालयाने ती फेटाळली: हा आकडा म्हणजे मत आहे, वस्तुस्थितीचं विधान नव्हे. कर्ज देणाऱ्या संस्था वापरतात त्या संगणकी मूल्यांकनांसाठी अमेरिकेतल्या नियामकांनी २०२४ मध्ये नियम ठरवले आणि ते १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. त्यात नमुने घेऊन तपासणी करायची सक्ती आहे, भेदभाव होऊ नये याचीही. तुमच्या माझ्या कुतूहलासाठी दाखवला जाणारा फुकटचा आकडा मात्र त्यांच्या कक्षेत येत नाही.

नुसतं बाजार कुठे आहे ते बघायचं असेल, पाच वर्षांनी विकू का असा विचार चालू असेल, तर वेबसाइटचा आकडा पुरे. खास माणूस बोलावून पैसे घालवू नका. पण वाटणी असेल तर नको. भाऊ-बहीण आहेत, भाऊ घर ठेवणार आणि बहिणीला निम्मी रक्कम देणार. अशा वेळी भावाला कमी आकड्याची साइट सापडते आणि बहिणीला जास्तीची, अगदी हमखास, आणि दोघंही मनापासून आपलीच खरी मानतात. १०० च्या घरात एक ९३ म्हणतो, दुसरी १०७. वाटणीत फरक पडतो तो ७ चा. त्या ७ च्या मानाने व्हॅल्युअरची फी किरकोळ असते. दोघांनी मिळून एकच व्हॅल्युअर नेमावा, फी निम्मी-निम्मी द्यावी, आपापले आकडे त्याला अजिबात सांगू नयेत. मूल्य कोणत्या तारखेचं धरायचं हे त्याला बोलावण्याआधी लिहून ठेवावं, आणि पैसे द्यायला उशीर झाला तर काय करायचं तेही.